अक्काची जेवणाची बस

अक्काला राग आला की भूक लागायची, आणि भूक लागली की राग आणखी चढायचा. त्यामुळे तिच्या रागाला शेवट असा नव्हताच. मध्ये जेवण यायचं, तेवढीच काय ती विश्रांती. बंगळूरला मल्लेश्वरमच्या आमच्या वठारात, म्हणजे चाळीत, ती पहिल्यांदा आली तेव्हा मी नवी नवरी होते. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आलेली ही बाई कुंकवाची कोयरी तशीच हातात धरून सरळ चुलीपाशी गेली. झाकण उचललं, पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि माझ्याकडे वळली.

"काय हे?"

"सांबार," मी घाबरत म्हणाले.

"हे सांबार नाही. आमटी पण नाही. शेजारणीकडं बघून केलंस आणि साताऱ्याची सवय सुटली नाही, व्हय ना? एका भांड्यात दोन मुलखांची अब्रू घालवलीस की गं!"

मला रडू कोसळलं. अक्कानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पदर खोचला, चिंच भिजत घातली आणि तासाभरात मला एक नीट सांबार आणि एक नीट आमटी करून दाखवली. मग दोन्ही जेवून गेली. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायचं ती विसरलीच.

अक्का मूळची निपाणीची. घरात मराठी आणि अंगणात कानडी अशी वाढलेली. स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जातो, मी खातो' म्हणायची. तिकडच्या बायका बोलतातच तसं. नवऱ्यांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकऱ्यांमुळे बंगळूरला आलेल्या आम्हा मराठी बायकांपैकी काहीजणी त्यावरून तोंडाला पदर लावून हसायच्या. अक्काला ते कळायचं. "हसा," ती म्हणायची. "मी खातो म्हणतो आणि खातो. तुम्ही खाते म्हणता आणि नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं चिवडत बसता."

तिचे यजमान वसंतराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते. सिटी स्टेशनामागच्या रेल्वेच्या घरांत दोघं राहायची. मूलबाळ नव्हतं. वसंतराव बोलायचे कमी आणि खायचे सगळं, पण खाताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. पुढ्यात बासुंदी असो की करपलेली भाकरी, मुद्रा तीच. अक्काच्या आयुष्यातलं हे मोठं दुःख. "लोकांच्या जिभेला हाड नसतं," ती कपाळावर हात मारून म्हणायची, "यांच्या जिभेला नुसतं हाडच आहे." वसंतराव मान हलवायचे आणि आणखी एक घास घ्यायचे.

पण त्यांना रेल्वेचा पास मिळायचा, आणि तो पास हेच अक्काचं विद्यापीठ. लोक पासावर काशीला जातात, अक्का गुंटूरला गेली, मिरची कशी वाळवतात ते बघायला. सगळा मलबार वळसा घालून ती मंगळूरला गेली ती तांदळाच्या पातळ घावनासाठी. देऊळ बघायचा आग्रह वसंतराव करायचे, तर म्हणायची, "तुम्ही देवाला भेटून या, मी बाजारात आहे." गावच्या बाजारात ती भाजीवाल्यांच्या समोर उभी राहायची आणि गिऱ्हाइकं न्याहाळायची. एखादी बाई वांगं उलटंपालटं करून, देठ मोडून, भाव पाडून घेताना दिसली की तिच्या मागे मागे घरापर्यंत जायची. दारात उभी राहून सांगायची, "मी लांबून आलो. तुम्ही आज काय करणार, ते बघू द्या." भाषा येत असो वा नसो. पुष्कळदा तिला हाकलून द्यायचे. पुष्कळदा घरात घ्यायचे. हाकललं त्या घरांचीही ती आठवण काढायची: "चांगला वास येत होता मेल्यांच्या घरातून."

खराब जेवणाचा तिला जो राग यायचा तसा मी दुसऱ्या कुणाला चोरीचाही आलेला पाहिला नाही. एकदा आम्ही मॅजेस्टिककडच्या एका हॉटेलात दोसा खात होतो. चटणीत नारळ नावाला, पाणीच जास्त. अक्का वाटी घेऊन उठली, ती थेट भटारखान्यात. "एनप्पा इदु?" तिचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत. हे काय आहे बाबा? मालक धावत आत गेला. मला वाटलं, आता हिला धक्के मारून बाहेर काढतात. बराच वेळ आत आरडाओरडा चालला होता. मग सामसूम. बाहेर आली तेव्हा मालक स्वतः तिच्यामागे ताज्या चटणीचं पातेलं घेऊन उभा होता, आणि पुढच्या महिन्यापासून त्यानं नवीन आचारी ठेवायचा झाला की चव बघायला अक्काला बोलावणं सुरू केलं. पुढे आणखी तीन-चार हॉटेलवाले बोलावू लागले. त्याचे ती रोख पैसे घ्यायची.

ह्या पैशांवरून एकदा चांगलीच ठिणगी पडली. आम्हा मराठी घरांचं एक छोटं स्नेहमंडळ होतं. हिशेबखात्यातून निवृत्त झालेले नाना त्याचे अध्यक्ष. मदतीला धावणारा माणूस. आम्हाला वठारातली जागा त्यांनीच मिळवून दिली होती. ते अक्काला कौतुकानं म्हणाले, "तुमचा छंद छान आहे हो. वेळ चांगला जातो." अक्काचे डोळे बारीक झाले. "नाना, तुम्ही तीस वर्षं आकडे मांडलेत, तो छंद होता?" "छे, ती नोकरी होती." "मग ही पण नोकरी आहे. फिरायचं, खायचं, शिकायचं आणि लोकांना खायला शिकवायचं. माझा धंदा आहे हा. परत छंद म्हणालात तर तुमच्याकडनं फी घेतो." बाईनं स्वतःच्या खाण्याला धंदा म्हणावं, हे त्या काळी कुणाच्या गळी उतरत नव्हतं. पण तिनं तो करून दाखवला.

त्यातूनच ती बस निघाली. दर रविवारी अक्का एक खासगी बस ठरवायची आणि पैसे भरून येतील त्या कुटुंबांना कुठेतरी जेवायला न्यायची. कधी येलहंकेकडच्या द्राक्षमळ्यात, कधी रामनगरच्या बाजूला, कधी कोलारकडे. थंडीच्या दिवसांत रेल्वेनं लांबच्या सहली व्हायच्या, मदुरै, हुबळी, हैदराबाद. तोपर्यंत मराठी माणूस सहलीला निघाला की बरोबर आचारी आणि पिठल्याचं सामान घेऊन निघायचा, रामेश्वरला जाऊन वरणभात खाऊन परत यायचा. अक्का त्यावर भडकायची. "घरचंच खायचं तर घरीच बसा की! रेल्वेला कशाला त्रास?" बस सुटायच्या आधी पायरीवर उभं राहून ती दोन नियम सांगायची: "बसमध्ये घरचं लोणचं काढायचं नाही. आणि वाढणाऱ्याची जात विचारायची नाही. दोन्हींतलं काहीही दिसलं तर उतरवतो." लोक हसायचे. पण एका वकीलबाईंना लिंबाच्या लोणच्यावरून तिनं खरोखरच होसूर रस्त्यावर उतरवलं होतं. अर्ध्या फर्लांगावर बस थांबवून परत घेतलं, पण लोणचं फेकून दिल्यावर.

आनेकलच्या रस्त्याला एका वळणावर पुट्टम्माचं खोपटं होतं. गाडीवाले आणि खाणीत दगड फोडणारे लोक तिच्याकडे जेवायचे. नाचणीचे मुद्दे, म्हणजे वाफाळते मोठे गोळे, आणि बरोबर पालेभाजी-डाळीचं नाहीतर कुळथाचं सारू. अक्कानं तिला कशी शोधली देव जाणे. पहिल्यांदा आमची बस तिथं थांबली तेव्हा केळीच्या पानावरचा तो तपकिरी गोळा बघून बायकांनी नाकं मुरडली. "नाचणी? ही तर गडीमाणसं खातात." अक्का कडाडली, "मग आज गडीमाणूस व्हा. उद्या परत साहेब व्हायला कुणी अडवलंय?" मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. आम्ही चावत बसलो आणि टाळ्याला चिकटवून घेतला, तेव्हा पुट्टम्मा पोट धरून हसली. मग तिनं एकेकाला शिकवलं. नानांनी सारू पुन्हा पुन्हा मागून घेतलं. "अमृत, अमृत," म्हणत त्यांनी वाटी तोंडाला लावली, ते मला अजून दिसतं.

आनेकलची फेरी सगळ्यांच्या आवडीची झाली. आम्ही बाहेर चिंचेखाली पानांवर बसायचो, आणि अक्का आत, पुट्टम्माच्या चुलीपाशी. लसूण किती घालायचा यावरून दोघींचं भांडण जुंपायचं. एक कानडीतून, दुसरी कानडीत मराठी मिसळून. गाडीवाले ते ऐकायला बैल सोडून थांबायचे. अक्काला माणसं घाबरायची, सोसायची, वापरून घ्यायची. तोंडावर तिला "गप्प बस, तुला कळत नाही" म्हणणारी पुट्टम्मा ही एकच. परतताना अक्काचा चेहरा इतका खुललेला असायचा की बसमध्ये लोणचं काढलं असतं तरी चाललं असतं.

गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मंडळाचं एकत्र जेवण असायचं. एका वर्षी त्याची जबाबदारी अक्कावर आली, आणि तिनं ठरवलं की पुट्टम्माला बोलवायचं. "इतकी वर्षं तिच्या दारात जेवलो. आता तिला आपल्या मांडवात मानानं आणतो." पुट्टम्मा आधी नाही म्हणाली. अक्का हट्टाला पेटली. शेवटी ती आली, नवं लुगडं नेसून, आणि सकाळपासून शाळेच्या मैदानातल्या चुलीवर तिनं आणि आम्ही तीन-चार बायकांनी स्वयंपाक केला.

पानं मांडून झाली होती, माणसं बसत होती. नाना सोवळं नेसून आले, पुट्टम्माला बघून ते ओळखीचं हसलेही. मग त्यांच्या कानात कुणीतरी काही सांगितलं. नाना तिच्यासमोर गेले आणि सरळ विचारलं, "याव जाती?" कोणती जात. पुट्टम्मानं पळी खाली ठेवली आणि जातीचं नाव सांगितलं. मान खाली घातली नाही की आवाज उतरवला नाही. नानांनी दोन स्वयंसेवकांना खूण केली. ते साराच्या मोठ्या पातेल्याकडे आले. "थांबा, मी वाढतेय," म्हणून मी पातेल्याचा काठ धरला. त्यांनी ते माझ्या हातातून ओढलं, ऊन सारू माझ्या मनगटावर सांडलं, आणि उरलेलं सगळं त्यांनी मैदानाच्या कडेच्या गटारात ओतलं. फोडणीचा वास मांडवभर पसरला.

"नाना!" अक्का ओरडली. "ह्याच बाईच्या हातचं तुम्ही अमृत म्हणून प्यायलात!"

"अक्का, समजून घ्या," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ह्याचाच मला जास्त संताप आला. "तो प्रवास होता. प्रवासात सगळं चालतं. इथं देव बसलाय."

"मग मी तुम्हाला इतकी वर्षं फिरवलं ते कशासाठी? परत येऊन हात धुण्यासाठी?" अक्का एकेका पानाकडे बोट दाखवत फिरली. "कुलकर्णीबाई, मुद्दा बांधून घरी कोण घेऊन गेलं होतं? देशपांडे, तुमचा मुलगा पुट्टम्माच्या मांडीवर झोपला होता, तेव्हा त्याला आंघोळ घातलीत? बोला की! जेवताना तोंडं होती, आता कुठं गेली?"

कुणी पानावरून उठलं नाही. मग मांडवाच्या मागच्या बाजूनं वसंतराव आले. टोपलीत झाकलेले मुद्दे राहिले होते. त्यातला एक त्यांनी घेतला, देवासमोरच्या सतरंजीवर मांडी घातली आणि तो कोरडाच खायला लागले. चेहरा नेहमीचाच. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझे यजमान आले. आणखी एक जोडपं आलं. बस्स, एवढेच. अक्का पुट्टम्माला आमच्यात बसवायला वळली, तर पुट्टम्मा तिथं नव्हती.

ती आम्हाला कलासीपाळ्याच्या बसस्टँडवर सापडली, आनेकलच्या बसच्या रांगेत. अक्का धापा टाकत तिच्यापाशी गेली. "पुट्टी, त्या नानाला मी सोडत नाही. उद्याच्या उद्या..."

"गप्प बस," पुट्टम्मा म्हणाली. ह्या वेळी त्या शब्दांत लाड नव्हता. "मला ठाऊक होतं तिथं असं होईल. तुला पण ठाऊक होतं. मी नको म्हटलं होतं. भांडण तुझं आणि त्यांचं. ते तू माझ्या भांड्यातून का भांडलीस?"

अक्कानं तिच्या हातातली पिशवी धरली. पुट्टम्मानं ती ओढून घेतली.

"सकाळपासून राबून केलेलं अन्न माझ्या डोळ्यांदेखत गटारात गेलं. तुला ओरडायला मिळालं. मला काय मिळालं?" बस आली. पुट्टम्मा चढली आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. घरी परतल्यावर अक्का रागावली नाही. जेवलीही नाही. वसंतराव मला म्हणाले, "ती रागावली की मला भीती वाटत नाही, सुमन. आज वाटतेय."

त्यानंतर मंडळातल्या घरांनी अक्काच्या बसकडे पाठ फिरवली. रविवारची बस दिवाळीपर्यंत निघालीच नाही. अक्का मात्र एका गुरुवारी एकटीच आनेकलला गेली. परत आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"वाढलं तिनं."

"मग?"

"बाहेर वाढलं. चिंचेखाली. गाडीवाल्यांच्या ओळीत." अक्का पायांकडे बघत होती. "पैसे घेतले. बरोबर आहे तिचं. माझी तीच जागा."

त्यापुढे दर गुरुवारी ती जायची. चिंचेखाली बसून जेवायची आणि यायची. तिथं बस मात्र तिनं पुन्हा कधी नेली नाही. मी एकदा सुचवलं, तर अंगावर आली: "तिचं घर म्हणजे काय म्हैसूरचा राजवाडा आहे, लोकांना दाखवायला?"

पण धंदा तिनं सोडला नाही. नव्यानं उभा केला, आणि नवा नियम घेऊन. "ज्याच्या घरी जेवाल, त्याला तुमच्या घरी जेवायला बोलवायचं. सोवळं-ओवळं न करता, आपल्या पंक्तीला. कबूल असेल तर चढा, नाहीतर बस तुमच्यासाठी नाही." सगळे म्हणाले, अक्काला वेड लागलं. सुरुवातीला निम्मी बस रिकामी धावायची. मग हळूहळू माणसं येऊ लागली. तमिळ शाळामास्तर, कानडी नर्सबाया, कारखान्यातले नवे तरुण इंजिनिअर, एक मंगळूरचं ख्रिस्ती कुटुंब, आणि आमच्यातलीही थोडी घरं. साठ साल उलटून गेलं तेव्हा तिला एका रविवारी दोन दोन बस लागायच्या. ज्यांनी तिला वेडी म्हटलं होतं, त्यांच्याच मुलांना ती जागा नाही म्हणून परत पाठवायची, आणि त्यात तिला होणारा आनंद ती अजिबात लपवायची नाही.

मदुरैला आम्ही एका विणकर जोडप्याकडे जेवलो होतो. नियमाप्रमाणे ते बंगळूरला आले तेव्हा माझ्याकडे जेवायला आले. तेव्हा आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई देवघरात जाऊन बसल्या आणि बाहेर आल्या नाहीत. मी पुरणपोळी केली होती, माझा हातखंडा पदार्थ. विणकरबुवांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि दुभाष्याचं काम करणाऱ्या अक्काला काहीतरी सांगितलं. अक्का खदखदा हसायला लागली. "त्यांना आवडली नाही. म्हणतात, डाळ गोड का करता?" माझा चेहरा पडला. "अगं रडतेस काय!" अक्का म्हणाली. "पाहुणा तुझ्या पंक्तीला बसून तोंडावर सांगतो, आवडलं नाही. म्हणजे तो मिंधा नाही. आता कुठं बरोबरीनं जेवण झालं." आणि विणकरबुवांच्या पानातली पुरणपोळी उचलून तिनं स्वतः खाल्ली.

पुढे तिला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि रागावायचं नाही म्हणून बजावलं. अक्का घरी येऊन म्हणाली, "मीठ सोडतो. राग सोडत नाही." अळणी जेवण पुढ्यात आलं की ती ताटाकडे अशी बघायची, जसं ते नानांचं भाषण आहे. तरी ते ती खायची. बस न्यायची. गुरुवारी आनेकललाही जायची. वसंतराव निवृत्त झाले होते, ते बरोबर येतो म्हणायचे, तर "तुम्हाला काय, चव कळते थोडीच," म्हणून त्यांना घरी बसवायची. एका बुधवारी दुपारी जेवून उठताना ती भिंतीला टेकली ती तशीच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मंडळानं शोकसभा घेतली. माझा विश्वास बसेना. नाना खूप थकले होते, पण अध्यक्ष तेच. काठी टेकत उभे राहिले आणि बोलू लागले. "आपल्या मंडळाची अन्नपूर्णा गेली. अक्कांनी आपल्याला चार माणसांत नेलं, सर्वांच्या पंक्तीला बसायला शिकवलं..." समोरची माणसं डोळे पुसत होती. ज्या माणसांनी पानावरून उठण्याचे कष्ट घेतले नव्हते, तीच. माझं मनगट भाजल्याचा डाग अजून होता. मी उभी राहिले.

"नाना, तुम्ही सारू कुठं ओतलंत, ते आधी सांगा."

"सुमनताई," ते म्हणाले, "ही वेळ नव्हे."

"मग कोणती? तेव्हा देव बसला होता, आता अक्का गेलीय. तुमची वेळ येते तरी कधी?"

कुणीतरी मला "शूऽऽ" केलं. मी निघाले. दारात मागे वळून पाहिलं, तर वसंतराव पहिल्या रांगेतून उठून, फोटोला घालायला दिलेला हार खुर्चीवर ठेवून, माझ्या मागे येत होते.

दुसऱ्या दिवशी मी आनेकलला गेले. पुट्टम्मा बरीच म्हातारी झाली होती, खोपटावर कौलं आली होती. गाडीवाले जेवत होते. तिनं मला बघितलं, आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "गुरुवारी आली नाही, तेव्हाच मला वाटलं." मी सांगितलं. तिनं ऐकलं, शेवटच्या माणसाला ताक वाढलं, पैसे घेतले, आणि सगळे गेल्यावर माझ्याजवळ चिंचेखाली येऊन बसली. बराच वेळ ती पदरानं नाक पुसत होती.

मी तिला विचारलं. विचारायला नको होतं कदाचित, पण मला राहवेना. "पुट्टम्मा, तुम्ही तिला पुन्हा कधी आत का बोलावलं नाहीत?"

ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. "मी बोलवायचं? तिला? ती कधी बोलावल्यावर आत आली होती का गं, तंगी? पहिल्या दिवशीसुद्धा विचारल्याशिवाय चुलीपाशी आली. त्या भांडणानंतर पहिल्यांदा आली, तेव्हा मी रागात होते. बाहेर वाढलं. पुढच्या गुरुवारी राग गेला होता. मला वाटलं, आज येईल आत. नाही आली. खाली मान घालून जेवली, पैसे ठेवले, गेली. मला वाटलं, तिनंच मला लांब केलं. दर गुरुवारी लसूण मुद्दाम कमी घालायची मी. म्हटलं, चिडेल, उठून आत येईल, भांडेल. तशीच खाऊन जायची."

"तिला वाटायचं, तुम्ही तिला आत घेत नाही."

"दाराला माझ्या कडी तरी आहे का?" पुट्टम्मा ओरडली. तिनं हात दाखवला त्या दाराला खरोखरच कडी नव्हती.

मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा माझं अंग तापलं होतं. नानांचा राग होता, तो जुनाच. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला अक्काचा राग आला. अनोळखी मुलखात अनोळखी दारं ठोठावत फिरलेली बाई, हॉटेलांच्या भटारखान्यांत घुसणारी, भर मांडवात देवासमोर ओरडणारी, आणि एका उघड्या दारासमोर वर्षानुवर्षं गप्प बसून जेवली? कुणी सांगितलं होतं तिला इतकं शहाणं व्हायला? मला तिला गदागदा हलवून विचारायचं होतं, आणि ती नव्हती. कंडक्टर आला. सुटे नाहीत म्हणून कुरकुरला, रोजचीच कुरकुर. मी त्याच्यावर अशी ओरडले की सगळी बस मागे वळून बघायला लागली.